तांब्याभर पाणी

वर्षभर या पानावर मी आपल्याशी बोलतो ते बहुधा कॉलेजातल्या गमतीजमतींविषयी, एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी, नाही तर परीक्षेच्या पेपरांतल्या नमुनेदार उत्तरांविषयी. दिवाळी अंकासाठी संपादकांनी नेहमीपेक्षा ऐसपैस जागा दिली आणि वर बजावले, "या खेपेला काही तरी गोडाचे लिहा. लोक फराळाचे ताट पुढे घेऊन वाचत असतात." मी खूप विचार केला. पण माझ्या मनात घोळत राहिले ते लाडूचिवड्याचे ताट नव्हे. त्या ताटाशेजारी आपण न विसरता जो पाण्याचा तांब्या ठेवतो ना, तो. फराळ कितीही चांगला असला तरी पाण्यावाचून तो घशाखाली उतरत नाही. तेव्हा आज पाण्याचीच गोष्ट सांगतो.

गोष्ट १९९१ सालच्या मे महिन्यातली आहे. आम्ही तेव्हा सांगलीला राहत होतो आणि मी अकरा वर्षांचा होतो. माझी आजी न्हाणीघरापाशी पाय घसरून पडली आणि तिचे कमरेचे हाड मोडले. वडिलांनी रिक्षा आणली आणि तिला मिरजेच्या एका इस्पितळात नेले. आमच्या भागात कुणाचे काही मोडले, बिघडले, अडले की मिरजेला न्यायचे ही तीनचार पिढ्यांची रीतच आहे. ती रीत कशी पडली हे पुढे सांगतो.

आजी कडक सोवळ्याची. आमच्या घरात तोवर सोवळेओवळे बरेच सैल झाले होते. तिने मात्र आपल्यापुरते ते सोडले नव्हते. सूनबाईने केलेला स्वयंपाक तिला चाले, पण पिण्याचे पाणी ती स्वतः भरी. नळाच्या तोटीआधी ते पाणी कुणाकुणाच्या हातून येते, हा प्रश्न तिने नगरपालिकेवर सोपवला होता. तोटीच्या अलीकडचा कारभार मात्र तिचा. इस्पितळात नेतानाही तिने आपला तांब्याचा तांब्या आणि फुलपात्र बरोबर घ्यायला लावले होते.

स्त्रियांच्या त्या वॉर्डात पन्नाशीच्या एक सिस्टर होत्या. सावळ्या, ठेंगण्या, पांढरे पातळ नीट चापून नेसलेल्या. गळ्यात बारीक साखळी आणि तिला लहानसा क्रूस. आजीने पहिल्याच दिवशी तो क्रूस पाहिला आणि तोंड भिंतीकडे फिरवले. त्यांनी गोळी पुढे केली ती तिने घेतली. पाण्याचा पेला पुढे केला तो मात्र हातानेच बाजूला सारला. गोळी तशीच कोरडी गिळली. मला आठवते, ती गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी आले होते.

आई सकाळी घरून पाणी आणी ते दुपारपर्यंत संपे. मे महिन्याचा उकाडा, त्यात आजी तहान मारून पडून राही. दोन दिवसांत तिचे ओठ सुकले. तिसऱ्या दिवशी सिस्टर माझ्यापाशी आल्या. मी सुटी असल्यामुळे दिवसभर आजीजवळ बसत असे. त्या मला म्हणाल्या, "बाळ, त्या कोपऱ्यात नळ आहे. आधी हात धू, मग हा तांब्या तुझ्याच हातानं भरून आण. मी शिवणार नाही हं, आज्जी." आणि खरोखरच त्या दोन पावले मागे सरल्या. पुढे म्हणाल्या, "दर तासाला एक फुलपात्र द्यायचं. दिलंस की या कागदावर एक काडी ओढायची. संध्याकाळी मी काड्या मोजणार. बारा भरल्या पाहिजेत."

मी मोठ्या इमानाने काड्या ओढल्या. संध्याकाळी सिस्टर आल्या, काड्या मोजल्या, "शाब्बास" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उपकार केल्याचा भावही नव्हता. मला तेव्हा ते एखाद्या खेळासारखे वाटले. आपल्याला विटाळ मानणाऱ्या बाईचा विटाळ सांभाळून तिची तहान भागवायची, यासाठी केवढे मन लागते, हे कळायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

आठवड्याने एका रात्री आईला ताप आला म्हणून तिच्याऐवजी मी आजीजवळ राहिलो. मध्यरात्रीनंतर आजीचे पोट एकाएकी बिघडले. तिला हलता येत नव्हते. अंथरूण, लुगडे, सगळे खराब झाले. आया दुसऱ्या वॉर्डात गेलेली. मी घाबरून सिस्टरना हाक मारली. त्या आल्या. मला म्हणाल्या, "तू पडद्याबाहेर थांब." पडद्याच्या आत पाण्याचे, कापडाचे, चादर झटकल्याचे आवाज येत होते आणि त्यांतून आजीच्या रडण्याचा आवाज. लाजेने रडत होती ती. सिस्टरचा आवाज आला, "त्यात लाजायचं काय, आज्जी? माझ्या आईचंही शेवटी मीच सगळं केलं. पाठ दुखते का? जरा इकडं टेका."

पडदा सरला तेव्हा आजी स्वच्छ पातळात, स्वच्छ चादरीवर डोळे मिटून पडली होती. सिस्टर घाण झालेले कपडे उचलून निघाल्या. तेवढ्यात आजी म्हणाली, "अगं, पाणी दे गं थोडं."

मी लगबगीने तांब्याकडे धावलो. आजी म्हणाली, "तू बस. तिला देऊ दे."

सिस्टर क्षणभर थांबल्या. मग त्यांनी ते कपडे बाहेर नेऊन ठेवले, साबणाने दोनदा हात धुतले आणि फुलपात्र भरून आजीच्या ओठांना लावले. "घोट घोट घ्या. घाई नको," एवढेच त्या म्हणाल्या. आजी ते सगळे पाणी प्यायली.

थोड्या वेळाने आजीने विचारले, "तुझ्या देवानं सांगितलंय म्हणून करतेस का गं हे सगळं?" सिस्टर हसल्या. "सांगितलंय खरं त्यानं. पण रात्री तीन वाजता देवाची आठवण कुठली राहते, आज्जी? तुमचीच राहते."

सकाळी आई आली. आजीने तिला रात्रीची हकिकत सांगितली आणि शेवटी जे म्हणाली ते माझ्या कानांत अजून आहे. एकनाथमहाराजांची गोष्ट तिने मला शंभरदा तरी सांगितली असेल. नाथांनी रामेश्वरासाठी कावडीतून आणलेली गंगा वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, ती गोष्ट. आजी म्हणाली, "इतकी वर्षं ही गोष्ट सांगत आले. सांगताना दर वेळी मी मनातून नाथांच्या बाजूला उभी असायची. काल रात्री कळलं, त्या गोष्टीतलं तहानलेलं गाढव मी आहे."

त्या सिस्टरनी आजीला एकदाही 'आमच्या प्रार्थनेला या' म्हटले नाही, एखादे पत्रकसुद्धा हातात दिले नाही. आजीही पुढे पंधरा वर्षे जगली ती आपला हरिपाठ म्हणत आणि एकादशी करीत. तिचा देव बदलला नाही. मात्र घरी आलेल्या कुणाच्याही हातचे पाणी ती पिऊ लागली.

आता मिरजेची ती रीत. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे या देशात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेला इस्पितळ उभारले. पंचक्रोशीतलेच नव्हे, लांबलांबचे रोगी तेथे येऊ लागले. त्या एका इस्पितळाभोवती पुढे डॉक्टरांचे गावच वसले म्हणायला हरकत नाही. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला त्यांचेच नाव आहे. क्षयाचे नाव काढले की माणसे दूर सरत त्या काळात त्या जागी क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. सिटी बसचा कंडक्टर 'वानलेसवाडीऽऽ' म्हणून ओरडे तेव्हा ते एका माणसाचे नाव आहे, हे आम्हा पोरांच्या गावीही नव्हते. एखाद्या परक्याचे नाव मराठी वाडीला असे चिकटून राहते, त्याअर्थी त्याने त्या मातीत काही तरी पेरलेले असते.

यावर काही वाचक म्हणतील, "अहो, पण ती सगळी सेवा धर्मांतरासाठी होती." हा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मिशनऱ्यांना आपला धर्म पसरावा असे वाटत होते, ही गोष्ट त्यांनी कधी लपवलीही नाही. पंडिता रमाबाईंचेच उदाहरण घ्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. १८९३ साली सदनातल्या मुलींच्या ख्रिस्ती होण्यावरून पुण्यात केवढे वादळ उठले, 'केसरी'ने केवढी टीका केली, आणि रानडे-भांडारकरांसारखी हितचिंतक माणसेही सल्लागार मंडळातून कशी बाहेर पडली, हे सर्वज्ञात आहे. टीका करणाऱ्यांच्या मनातली भीती अगदीच निराधार होती, असे मी म्हणत नाही.

पण त्याच सदनात शिकलेल्या एका बालविधवेने त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि हिंदू राहूनच त्यांच्या कार्यात आयुष्य वेचले, हेही तितकेच खरे आहे. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली रस्त्यावर भुकेने मरत होत्या, काही त्याहून वाईट हातांत सापडत होत्या, तेव्हा रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो मुलीबाळींना दौंडजवळच्या केडगावी घेऊन आल्या, हेही खरे आहे. त्यांना खायला घातले, लिहायला शिकवले, हातांना काम दिले. मुक्तिसदनात आंधळ्या स्त्रियांना रमाबाईंच्या कन्येने, मनोरमाबाईंनी, ब्रेल लिपी शिकवली. ज्या बायकांना समाजाने 'पतित' म्हणून दार बंद केले होते, त्यांच्यासाठी तेथे वेगळे घर होते. वाद करणारे दोन्ही बाजूंचे लोक केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले. मुक्तिसदन मात्र अजून उभे आहे. सेवेमागचा हेतू तपासण्याचा अधिकार आपल्याला जरूर आहे. तो बजावण्याआधी 'त्या वेळी आपण कुठे होतो?' असे एकदा स्वतःला विचारावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

खुद्द ख्रिस्ती शास्त्रात या बाबतीत भक्तांना फारशी सवलत नाही. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा सारा रोख असा आहे की, उघड्या-उपाशी माणसाला 'सुखी राहा, पोटभर जेवा' असा कोरडा आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याची श्रद्धा ही मेलेली श्रद्धा होय. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर हिशेब आणखी बारीक आहे. येशूच्या अनुयायाला कुणी पेलाभर गार पाणी दिले तरी ते फुकट जायचे नाही, असे तेथे सांगितले आहे. मी ते प्रथम वाचले तेव्हा मला सिस्टरनी मोजलेल्या बारा काड्या आठवल्या.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत पुष्कळांना ठाऊक असतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला अर्धमेला करून टाकले. याजक आला, बघून पलीकडून गेला. लेवी आला, तोही गेला. मग आला एक शोमरोनी. यहुदी लोक ज्यांच्याशी संबंध ठेवीत नसत, त्या जातीचा. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्याला आपल्या जनावरावर बसवून उताराच्या घरी नेले आणि तेथल्या मालकाला पैसे देऊन निघताना सांगितले, अधिक लागले तर परत येताना देईन. वर्गात मी मुलांना नेहमी या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्यायला सांगतो. एकदाची मदत करून मोकळे होणे सोपे आहे. मागाहून चौकशीला येण्याचे कबूल करणे कठीण.

पण मला स्वतःला याहून जवळची वाटते ती योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची हकिकत. भर दुपार आहे. वाटचालीने थकलेला येशू विहिरीच्या काठी बसला आहे. एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते आणि तो तिच्याजवळ पाणी मागतो. ती चकित होते. तुम्ही यहुदी, मी शोमरोनी. तुम्ही माझ्याजवळ पाणी मागता कसे? वाचकहो, पाणी देण्यात दया आहे हे आपल्याला चटकन कळते. पाणी मागण्यातही दया असते, नव्हे, देण्यापेक्षा अधिक असते, हे मला या हकिकतीने शिकवले. देणाऱ्याचा हात वर असतो. ज्याला खालचे मानले त्याच्यापुढे आपली ओंजळ धरायला मन मोठे लागते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असतील. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ते पुस्तक मराठी घरांत आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि या बाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. परत आल्या तेव्हाही त्यांनी आपली चूल वेगळी, पाणी वेगळे ठेवले, आणि टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, हे त्यांनी आपल्याच बुद्धीने तोलले, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने तो धर्म पत्करला. पुढे त्यांच्या घरात स्वतःच्या मुलांच्या पंगतीला दुसऱ्यांची, पोरकी मुलेही वाढली. टिळकांच्या मागे त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लिहायला बसलेली हीच ती फारसे न शिकलेली बाई. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात फादर स्टीफन्सनी 'क्रिस्तपुराण' रचले, तेव्हापासून आमच्या भाषेत ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली जात आहे. आणि अगदी आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिथल्या हिरवळीसाठी नि पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, 'सुबोध बायबल' लिहून गेले आणि २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही सगळी माणसे परकी नव्हेत. आपल्याच ओट्यावरची आहेत.

इतके सगळे मला पाठ होते. वर्गात मी ते उत्तम शिकवीत असे. आता पुढचे सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो.

२०१७ सालची गोष्ट. पुण्यात आम्ही राहतो त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची एक जागा भाड्याने द्यायची होती. जागा बघायला एक जोडपे आले. बाई शाळेत शिक्षिका, नवरा बँकेत. नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती कुटुंब. मालकाला पसंत होते. पण आमच्या सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला आणि एक गृहस्थ म्हणाले, "माणसं चांगली असतील हो, पण..." 'पण' हे व्याकरणात न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय आहे, असे मी गेली कित्येक वर्षे शिकवतो. त्या संध्याकाळी ते किती न्यूनत्व दाखवू शकते, हे मी डोळ्यांनी पाहिले. त्या 'पण'पुढे कुणी काहीच बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. घरात काय शिजेल, प्रार्थनेला कोण कोण येईल, हे ज्याने त्याने मनातल्या मनात पुरे केले. जागा 'दुसऱ्या कुणाला द्यायची ठरली' असे मालकाने त्यांना कळवले.

मी त्या बैठकीत होतो. कार्यकारिणीचा सभासद होतो. तोंड उघडले असते तर दोनचार माणसांनी माझे ऐकलेही असते. मी चहाच्या कपात बघत बसलो.

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी 'स्मृतिचित्रे' शिकवीत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, लक्ष्मीबाईंना कळायला पाच वर्षं लागली. बाकीच्यांना किती लागली?" मी तिला सामाजिक स्थित्यंतर, प्रबोधन वगैरे शब्दांत पाच गुणांचे उत्तर दिले. तिने ते निमूटपणे वहीत लिहून घेतले. तेच मला लागले. तिने हुज्जत घातली असती तर बरे झाले असते.

त्या रात्री मी बायकोला सारे सांगितले. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांना जाऊन सांगा." दिवाळी चारपाच दिवसांवर होती. मालकाकडून पत्ता मिळवला आणि आम्ही दोघे फराळाचा डबा घेऊन त्यांच्या नव्या जागी गेलो. लहानशी जागा होती; एका फळीवर शाळेच्या वह्यांचा गठ्ठा आणि त्याशेजारी 'उपासना संगीत'. मी अडखळत सांगितले की, त्या बैठकीत मी हजर होतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "आम्हाला कळलं होतं, सर. तिथं मराठीचे प्राध्यापक आहेत हेही कळलं होतं." यावर काय बोलायचे? बोलण्यासारखे काही नव्हतेच.

थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आधी पाणी तरी घ्या." ट्रेमधून दोन पेले आले. मी पाणी प्यायलो. सव्वीस वर्षांपूर्वी आजीने ज्या हातचे पाणी मागून घेतले, त्याच मायेचे ते पाणी होते. माझी आजी सोवळी, अशिक्षित, जुन्या वळणाची बाई. तिला एक रात्र पुरली. मला एम्. ए. होऊन कित्येक वर्षे शिकवूनही इतका उशीर लागला.

नाताळात त्यांच्याकडून आमचा डबा परत आला. त्यात करंज्या आणि शंकरपाळी होती. म्हणजे आमचाच फराळ दोन महिन्यांनी फिरून आला म्हणा ना! तेव्हापासून दर वर्षी तो डबा दिवाळीत जातो आणि नाताळात येतो.

ही गोष्ट इथेच संपली असती. पण २०२१ सालच्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमचे सगळे घर आजारी पडले. ते दिवस कुणी विसरलेले नाहीत. दाराची कडी वाजवायलासुद्धा माणसे भीत होती, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. बाईंना फोनवर कळले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नवरा फाटकावर डबा अडकवून जाऊ लागला. वरणभात, मऊ पोळ्या, एखादी पालेभाजी. तिसऱ्या दिवशी बाईंनी फोनवर विचारले, "तुमच्या शेजारी कोण राहतं? त्यांचं कसं आहे?" शेजारी राहत होते ते 'पण' म्हणणारे गृहस्थ. दोघे नवराबायको, मुलगा परदेशी, दोघांनाही ताप. मी ते सांगितले. बैठकीत तो शब्द कुणी उच्चारला होता, हे मात्र मी सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. चौथ्या दिवसापासून फाटकावर दोन डबे येऊ लागले. अकरा दिवस येत होते.

बरे झाल्यावर एके दिवशी जिन्यात ते गृहस्थ भेटले. डबे कुठून येत होते, हे मी त्यांना सांगितले. ते कठड्याला धरून उभे राहिले. काही वेळाने म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर येणार होते, तेच का हो?" मी 'हो' म्हटले. ते काही न बोलता वर गेले. संध्याकाळी त्यांच्या पत्नीने घासूनपुसून लख्ख केलेला डबा माझ्या हाती दिला. जड लागला म्हणून मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "रव्याचे लाडू आहेत. हे म्हणाले, रिकामा डबा परत करायचा नाही. आपल्यात तशी रीत नाही."

त्या लाडवांनी सगळे फिटले असे मी म्हणत नाही. जे घर नाकारले ते नाकारलेच. पण त्या दिवसानंतर आमच्या सोसायटीत एक जागा पुन्हा रिकामी झाली, तेव्हा बैठकीत भाडेकरूचे आडनाव कुणी विचारले नाही. निदान माझ्यादेखत नाही; आणि विचारले असते तर या वेळी मी कपात बघत बसलो नसतो, एवढे मात्र नक्की.

धर्म कोणता खरा, याचा निकाल लावण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा विचारही नाही. माझी आजी विठ्ठलाचे नाव घेत गेली. त्या सिस्टर कुठे असतील, असतील की नाही, ठाऊक नाही. असल्या तर आपल्या प्रभूचे नाव घेत असतील. त्यांची श्रद्धा मला कळली ती त्यांच्या गळ्यातल्या क्रूसावरून नव्हे. मागे सरलेली ती दोन पावले आणि रात्री तीन वाजता दोनदा धुतलेले ते हात यांवरून कळली.

आजीचा तांब्या आता माझ्याकडे आहे. दिवाळीच्या आधी चिंच लावून घासला की अजून नव्यासारखा चमकतो. यंदाही तो भरून दाराशी ठेवला आहे. आपण कधी आमच्या बाजूला आलात तर जरूर या. फराळाचे काय असेल ते असो. घरी आलेल्याला आधी पाणी, एवढी रीत आम्ही मोडणार नाही. आणि आपल्या घरी मी आलो, तर पाणी मी मागून घेईन.